सावित्रीकाठचे महाड : पोढीपासून तळ्यापर्यंत

दरवर्षी २० मार्चला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून हजारो बांधव महाडला येतात. चवदार तळ्याच्या काठी उभे राहून ओंजळभर पाणी घेतात, बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यास अभिवादन करतात, क्रांतिस्तंभाचे दर्शन घेतात आणि सायंकाळच्या गाडीने परततात. ही अभिवादनाची परंपरा आमच्या दृष्टीने अमोल आहे. परंतु इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांस नेहमी असे वाटत आले आहे की, आपण महाडला जातो ते एका तळ्यापुरते. हे तळे ज्या गावात आहे ते गाव, ते गाव ज्या नदीने घडविले ती नदी, आणि त्या नदीकाठच्या डोंगरात आपल्याच पूर्वसूरींनी कोरून ठेवलेली साक्ष, यांकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही.

१९२७ चा संग्राम ज्या एका प्रश्नावर दहा वर्षे न्यायालयात लढला गेला, तो प्रश्न इतिहासाचाच होता. तळ्यावर अस्पृश्यांनी येऊ नये ही रूढी अनादी आहे काय, असा तो प्रश्न. म्हणूनच महाडची भूमी तिच्या सर्व थरांसह वाचणे हे केवळ प्रवासवर्णन राहत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही हे वाचन नदीपासून सुरू करून तळ्यापर्यंत नेणार आहोत.

नदी, खाडी आणि घाटवाटा

महाबळेश्वरच्या पठारावर ज्या पाच नद्यांचा उगम सांगितला जातो, त्यांपैकी कृष्णा, कोयना आणि वेण्णा या पूर्वेकडे वाहत देशावर उतरतात. सावित्री मात्र सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावरून कोकणात झेपावते. पोलादपूरवरून ती महाडला येते, तेथे रायगडाच्या परिसरातून आलेली गांधारी नदी तिला मिळते, आणि पुढे सुमारे पन्नास किलोमीटरचा वळणावळणांचा प्रवास करून ती बाणकोटच्या खाडीने अरबी समुद्रास मिळते. समुद्राची भरती या खाडीतून आत शिरते. भरतीच्या वेळी लहान मचवे थेट महाडपर्यंत येत. मोठ्या गलबतांना काही अंतर अलीकडे, दासगावाजवळ थांबावे लागे.

नदीच्या मुखापासून इतक्या आत, आणि तरीही समुद्राशी जोडलेले असे हे ठिकाण आहे. त्याच्या पाठीशी लगेच सह्याद्रीची भिंत उभी आहे. त्या भिंतीतून वरंध घाटाने भोरकडे आणि आंबेनळी घाटाने महाबळेश्वर-वाईकडे जाता येते. जेथे बैलाच्या पाठीवरचा माल उतरतो आणि होडीत चढतो, तेथे पेठ वसते. देशावरचे धान्य आणि गूळ खाली यावा, कोकणचे मीठ आणि सुकी मासळी वर जावी, हा महाडच्या जीवनाचा शतकानुशतकांचा क्रम होता. महाडला मोठेपण दिले ते या वाटांनी. येथे राजधानी नव्हती आणि मोठे तीर्थक्षेत्रही नव्हते.

ही गोष्ट फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक नाविक-ग्रंथात चौलच्या दक्षिणेकडील बंदरांची नावे येतात. त्यांतील पालैपटमै हे नाव, आणि टॉलेमीच्या भूगोलातील बलिपट्टण हे नाव, काही अभ्यासकांनी महाडलगतच्या पाले या गावाशी जोडले आहे. ही ओळख मतभेदाचा विषय असली तरी पाल्याच्या डोंगरात जे कोरलेले आहे त्याबाबत मतभेदास जागा नाही. आता त्या डोंगराकडे वळू.

पाल्याचा डोंगर

महाडपासून सुमारे तीन किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गाला लागूनच गांधारपाले हे गाव आहे. त्याच्या वरच्या डोंगरात सुमारे तीस बौद्ध लेणी आहेत. त्यांत चैत्यगृहे आहेत, भिक्खूंच्या निवासाचे विहार आहेत, एका भिक्खूपुरत्या लहान खोल्या आहेत आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. पहिल्या मोठ्या विहारात खांबांचा व्हरांडा आणि प्रशस्त सभामंडप असून आतील गर्भगृहात बुद्धमूर्ती कोरलेली आहे. लेण्यांच्या ओसरीत उभे राहिले की खाली गांधारीचे पात्र, शेते आणि पलीकडे महाडची वस्ती दिसते. ज्यांनी ही जागा निवडली त्यांनी ती एकांतासाठी निवडली, हे खरे; पण तो एकांत रस्त्याच्या हाकेच्या अंतरावरचा होता. भिक्खूने सकाळी पिंडपातासाठी गावात जावे आणि मध्यान्हापूर्वी परत यावे, इतकेच ते अंतर आहे. व्यापारी वाटेवरच्या उपासकाने विसावा घ्यावा, धम्म ऐकावा आणि आपल्या कमाईतील वाटा संघास द्यावा, अशी ही रचना आहे. जुन्नर, कार्ले, कुडा, कऱ्हाड या सर्व ठिकाणच्या लेण्यांचा वाटांशी असाच संबंध दिसतो.

येथील एका शिलालेखाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. कुमार कानभोज विष्णुपालित याच्या दानाचा हा लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहे. सातवाहनांच्या उत्तरकाळात कोकण किनाऱ्यावर भोज, महाभोज अशा बिरुदांची घराणी सत्ता चालवीत होती. कुडा येथील लेखांतही महाभोजांचा उल्लेख येतो. विष्णुपालित हा अशाच एका घराण्यातील राजपुत्र असावा. त्याने काय दान दिले? एक लेणे, एक चेतियघर, आठ ओवरक म्हणजे निवासाच्या खोल्या, लेण्याच्या दोन्ही बाजूंस दोन पोढी, आणि लेण्याकडे जाणारी वाट.

'पोढी' म्हणजे पाण्याचे टाके. लेखात जे दान म्हणून अभिमानाने नोंदविले आहे, त्यात खोल्यांच्या बरोबरीने पाणी आहे आणि वाटही आहे. राजपुत्राने आपल्या नावावर दगडात कोरून ठेवावे असे ते पुण्यकर्म होते. आजही पावसाळ्यानंतर गेल्यास लेण्यांतील टाक्यांत पाणी साठलेले दिसते.

दुसऱ्या एका लेखात संघरक्षित नावाच्या गृहपती-श्रेष्ठीच्या कुळातून आलेल्या दानाची नोंद आहे. महाडच्या आग्नेयेस, सावित्रीच्या खोऱ्यातच असलेल्या कोल या गावी आणखी काही लहान लेणी आहेत. तेथील लेखांतही श्रेष्ठी संघरक्षित हे नाव येते, आणि शिवदत्ताची पत्नी धम्मसिरी हिच्या दानाचा उल्लेख आढळतो. व्यापारी, राजपुत्र आणि एक विवाहित स्त्री अशा तिघांचीही नावे या एका खोऱ्याच्या दगडांत शेजारी-शेजारी आहेत. किनाऱ्यावरच्या कुडा लेण्यांत तर दात्यांची यादी आणखी बोलकी आहे. तेथे माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्य आहे, आणि ब्राह्मण उपासकाची पत्नी असलेली एक ब्राह्मण स्त्रीही आहे.

येथे आम्हांस एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. गांधारपाल्याच्या पोढी भिक्खुसंघासाठी खोदलेल्या होत्या. तेवढ्यावरून त्या काळचा सगळा समाज समतेचा होता, गावच्या पाणवठ्यावर कोणताच भेद नव्हता, असे विधान करणे इतिहासास धरून होणार नाही. आपल्या बाजूच्या उत्साही मंडळींकडून अशी विधाने कधी कधी होतात. त्यामुळे आपला पक्ष बळकट होत नाही, उलट दुबळा होतो. या लेखांवरून निश्चितपणे म्हणता येते ते एवढे: अठराशे वर्षांपूर्वी याच खोऱ्यात अशी एक संस्था नांदत होती की, जिच्या दारात जन्माची चौकशी होत नव्हती. संघात प्रवेश केलेला भिक्खू मागे कोणत्या कुळाचा होता, हे पाहून त्याला पोढीवरून परत पाठविले जात नव्हते. कारण संघात प्रवेश करताच पूर्वीचे कुळ-गोत्र गळून पडते, अशी तथागताची शिकवण होती. आणि या संस्थेला येथील राजपुत्र, श्रेष्ठी, स्त्रिया आपापल्या धनातून जगवीत होत्या. हे विधान पुरेसे आहे. त्याचे मोल पुढे न्यायालयाच्या प्रकरणात दिसेल.

पेठ, गड आणि तळे

पुढील शतकांत या खोऱ्यातील धम्माचा दिवा मालवला. लेणी ओस पडली. त्यांत गुरे बांधली गेली, पावसात वाटसरूंनी चुली पेटविल्या. पेठ मात्र टिकली, कारण नदी आणि घाट जागेवर होते. सतराव्या शतकात छत्रपती शिवाजी महाराजांनी रायगडास राजधानी केली आणि ६ जून १६७४ रोजी तेथे त्यांचा राज्याभिषेक झाला. रायगड महाडपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे. राजधानीच्या पायथ्याशी असलेल्या पेठेचे महत्त्व त्या काळात वाढले असल्यास नवल नाही.

पेशवाईच्या अखेरीसही महाडचे नाव राजकारणात पुन्हा येते. १७९६ साली नाना फडणीस महाडला होते आणि तेथूनच त्यांनी निजामाशी करार घडवून आणला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला, तेव्हा दुसरा बाजीराव रायगड-महाड मार्गाने पळाला आणि समुद्रकिनाऱ्यावरून वसईला पोहोचला. तेथे ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांशी तह केला. देशावर संकट आले की कोकणात उतरायचे आणि समुद्र गाठायचा, त्यासाठी महाड हीच वाट होती. १८१८ मध्ये रायगडाबरोबर हा सर्व मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला.

गावाच्या मध्यभागी असलेले तळे या नंतरच्या काळातील आहे. पुढे उच्च न्यायालयासमोर त्याचे वय किमान अडीचशे वर्षे मानले गेले आणि विस्तार चार-पाच एकर नोंदविला गेला. सभोवती नगरपालिकेचे रस्ते आणि त्यांपलीकडे सवर्ण हिंदूंची घरे होती. या तळ्यावर मुसलमान पाणी भरीत. जनावरेही तेथे पाणी पीत. केवळ अस्पृश्य मानलेल्या माणसास तेथे बंदी होती. गांधारपाल्याच्या पोढीपासून हे तळे पायी पाऊण तासाच्या वाटेवर आहे. इतक्या लहान अंतरात केवढा मोठा इतिहास उलटा फिरला, हे त्या वाटेने चालून गेल्याशिवाय कळत नाही.

रावढळचे गोपाळबाबा

महाडचा संग्राम १९२७ मध्ये अचानक पेटला असे समजणे चुकीचे ठरेल. महाडजवळच्या रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातून १८८६ साली निवृत्त झाले. महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका प्रसिद्ध केली आणि अस्पृश्यतेस शास्त्राधार काय, असा रोखठोक प्रश्न धर्ममार्तंडांना विचारला. महारांची लष्करातील भरती बंद करण्याच्या धोरणाविरुद्ध १८९४ साली त्यांनी विनंतिपत्र तयार केले. १८९५ साली महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्याबरोबर बसण्यास स्पृश्य सभासदांनी हरकत घेतली. १९०० साली त्यांचे निधन झाले.

कोकणातील महार समाजातून लष्करात गेलेल्या माणसांनी बंदूक हाताळली होती, अक्षरे गिरवली होती, परमुलूख पाहिला होता. निवृत्त होऊन ती दापोली-महाडच्या टापूत परतली. गोपाळबाबांनी ज्या जमिनीत बी पेरले ती अशी नांगरलेली होती. गोपाळबाबांच्या मृत्यूनंतर तीन दशकांच्या आत त्याच तालुक्यात पाण्याचा लढा उभा राहिला, यामागे हा इतिहास आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेली किंवा चालविली जाणारी तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा त्याचा आशय होता. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ तथा सुरबानाना टिपणीस यांच्यासारखे सुधारक त्यामागे होते. ठराव झाला, परंतु तळ्यावर जाण्याचे धैर्य कोणास होईना. कागदावर पाणी खुले झाले. काठावर पहारा तसाच राहिला.

वीस मार्च

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, संभाजी तुकाराम गायकवाड, शिवराम गोपाळ जाधव आदी कार्यकर्त्यांनी ती घडवून आणली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्षस्थानी होते. परिषदेस जमलेल्या हजारो माणसांच्या तहानेसाठी स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. नदीकाठच्या गावात, गावात तळे असताना, पाणी विकत! त्या चाळीस रुपयांत महाडच्या सामाजिक भूगोलाचे सारे वर्णन आले.

दुसऱ्या दिवशी परिषदेची समाप्ती होत असताना चित्रे यांनी सूचना मांडली की, नगरपालिकेच्या ठरावाची अंमलबजावणी आपण आताच करावी. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सारी परिषद शिस्तीने पेठेतून निघाली आणि तळ्यावर आली. बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्राशन केले, आणि त्यांच्यामागून इतरांनी. त्यानंतर जे घडले ते सर्वांस ज्ञात आहे. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठविण्यात आली. मंडपात जेवत असलेल्या, परतीच्या वाटेस लागलेल्या प्रतिनिधींवर लाठ्या-काठ्यांनी हल्ले झाले. माणसे जखमी झाली. सूड घेण्यास आपले लोक सज्ज होते, त्यांत लष्करातून आलेले होते. परंतु बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पुढे सनातन्यांनी तळ्यात दूध, दही, शेण, गोमूत्राने भरलेल्या १०८ घागरी ओतून त्याची 'शुद्धी' केली. ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू झाले, आणि ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.

दासगावची वाट

डिसेंबरात पुन्हा परिषद आणि सत्याग्रह ठरला. या वेळी महाडच्या भूगोलाने स्वतःच इतिहासात भाग घेतला. खुष्कीच्या मार्गाने जायचे तर मोटारीवाले ऐनवेळी नकार देण्याचा संभव होता. म्हणून बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह २४ डिसेंबरला मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले. किनाऱ्याने हरिहरेश्वर, तेथून खाडीमार्गे वर, आणि २५ डिसेंबरला दुपारी दासगावच्या धक्क्यावर त्यांचे पाऊल पडले. तेथे हजारो सत्याग्रही वाट पाहत होते. दासगावपासून महाडपर्यंतची सुमारे पाच मैलांची वाट सर्वांनी मिरवणुकीने पायी चालून पार केली.

ज्या जलमार्गाने कधीकाळी व्यापाऱ्यांची गलबते येत, ज्यांच्या कमाईतून पाल्याची लेणी उभी राहिली, त्याच जलमार्गाने ही बोट आली. त्या दिवशी बाबासाहेबांबरोबर चालणाऱ्या कुणाच्या मनात हा विचार आला असो वा नसो, पण ते ज्या खोऱ्यातून चालत होते त्याचा इतिहास असा होता.

परिषदेच्या मंडपासाठी कोणी हिंदू जागा देईना. अखेर फत्तेखान या मुसलमान गृहस्थांच्या जागेत मंडप उभारला गेला. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार तेथे मनुस्मृतीचे दहन करण्यात आले. जन्माने ब्राह्मण असलेल्या सहकाऱ्याने हा ठराव मांडावा, यात या लढ्याचे स्वरूप स्पष्ट होते. हा लढा एका जातीने दुसऱ्या जातीशी केलेले भांडण नव्हता. परिषदेच्या अखेरीस, २७ डिसेंबरला बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून स्वतंत्र भाषण केले. कोलच्या धम्मसिरीचे नाव ज्या खोऱ्यात दगडावर कोरलेले आहे, त्याच खोऱ्यात शेकडो वर्षांनी स्त्रिया पुन्हा एका महान परिवर्तनाच्या भागीदार म्हणून एकत्र बसल्या होत्या.

तळ्यावरील सत्याग्रह मात्र त्या वेळी स्थगित करावा लागला. स्पृश्यांपैकी काहींनी १२ डिसेंबरला दिवाणी दावा लावला होता आणि १४ डिसेंबरला न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला होता. जमलेल्या सत्याग्रहींच्या भावना अनावर असतानाही बाबासाहेबांनी न्यायालयाचा मान राखण्याचा निर्णय घेतला. तळ्याऐवजी लढ्याचे मैदान न्यायालय झाले.

अनादी रूढीची चौकशी

हा दावा दहा वर्षे चालला. वादींचे म्हणणे आधी असे होते की, तळे स्पृश्यांच्या खाजगी मालकीचे आहे. आणि ते नसले तरी अस्पृश्यांना वगळून त्याचा उपयोग करण्याचा स्पृश्यांचा हक्क अनादी रूढीने सिद्ध आहे. ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला. ३० जानेवारी १९३३ रोजी ठाण्याच्या न्यायालयात अपील फेटाळले गेले. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी निकाल दिला की, तळे नगरपालिकेकडे आहे आणि वादी ज्या अनादी रूढीचा आधार घेतात ती त्यांना सिद्ध करता आलेली नाही. अस्पृश्य दीर्घकाळ तळ्यावर गेले नाहीत एवढ्यावरून, त्यांना तेथे येऊ न देण्याचा हक्क कायद्याने निर्माण होत नाही, असा या निकालाचा मथितार्थ आहे.

या निकालाचे वैचारिक महत्त्व आपल्या लेखनात पुरेसे आलेले नाही, असे आम्हांस वाटते. तळ्याचे पाणी ही एका दिवसाची कृती होती. हा निकाल त्या कृतीचे तत्त्व होते. अस्पृश्यतेचे सर्वांत मोठे बळ तलवारीत नव्हते, पैशातही नव्हते. 'हे पहिल्यापासून असेच आहे' या एका वाक्यात ते होते. वाक्य इतके साधे की त्याला कोणी पुरावा मागत नसे. महाडच्या खटल्यात हा पुरावा कायद्याच्या भाषेत मागितला गेला, आणि तो देता आला नाही.

रूढीला जन्मतारीख असते. तिला मूळ असते, कारण असते, आणि म्हणून शेवटही असतो. तथागतांनी जे जे उत्पन्न होते ते ते नाश पावते असे सांगितले, ते समाजाच्या नियमांसही लागू आहे. न्यायमूर्तींसमोर अडीचशे वर्षांचे एक तळे होते. त्या तळ्यापासून तीन किलोमीटरवर त्याहून कितीतरी जुनी पोढी होती आणि तिच्यासोबत एक शिलालेख होता. तो लेख खटल्यात पुरावा म्हणून आला नव्हता, येण्याचे कारणही नव्हते. पण या खोऱ्यातील पाण्याचा इतिहास बहिष्कारापासून सुरू होत नाही, ही साक्ष महाडच्या भूमीत आधीपासूनच उभी होती. वादींनी ज्याला अनादी म्हटले त्याच्या मागे जाऊन बसलेला दगड पाल्याच्या डोंगरात होता.

आजचे महाड

नदीने महाड वसविले, आणि नदीच महाडला वारंवार परीक्षेस बसविते. डोंगरावर अतिवृष्टी आणि त्याच वेळी खाडीला भरती असली की सावित्री-गांधारीचे पाणी पेठेत शिरते. जुलै २००५ मध्ये महापुराबरोबर दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि एस.टी.च्या दोन बसगाड्यांसह अनेक प्रवासी नाहीसे झाले. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली, आणि महाड शहर पुन्हा पाण्याखाली गेले. ज्या दासगावला बाबासाहेबांचे पाऊल लागले, ते गावही या आपत्तींतून सुटलेले नाही. ऐतिहासिक स्थळ म्हणजे केवळ स्तंभ आणि पुतळा नव्हे. त्या स्थळी राहणाऱ्या माणसांचे जीवित हाही त्या स्थळाचा भाग आहे. महाडविषयी आदर बाळगणाऱ्यांनी तेथील डोंगरांची, जंगलाची आणि नदीपात्राची काळजी हीसुद्धा आपली बाब मानली पाहिजे.

गांधारपाल्याची लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. आम्ही संस्थेच्या विद्यार्थ्यांसह तेथे गेलो तेव्हा महामार्गावरून गाड्या धावत होत्या, त्यांपैकी कित्येकांवर पंचशील ध्वज फडकत होते आणि त्या सर्व महाडकडे जात होत्या. पायऱ्या चढून वर आलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. एका वृद्ध उपासिकेने टाक्यातल्या पाण्याकडे बोट दाखवून आम्हांस विचारले, "हे पाणी कुणाचं म्हणायचं?" आमच्यातील एका विद्यार्थ्याने तिला लेखाचा अर्थ वाचून दाखविला. राजपुत्राचे नाव, आठ खोल्या, दोन पोढी, वाट. तिने तो शांतपणे ऐकला आणि म्हणाली, "म्हणजे दिलेलं पाणी. राखलेलं नव्हे."

यापेक्षा नेमकी व्याख्या आम्हांस करता येणार नाही.

म्हणून वाचकांस आमची विनंती आहे. पुढील २० मार्चला किंवा २५ डिसेंबरला आपण महाडला जाल, तेव्हा शक्य असल्यास दासगावला उतरा आणि त्या वाटेने थोडे तरी पायी चाला. वाटेत गांधारपाल्याच्या पायऱ्या चढा. लेण्यांत पादत्राणे काढून जा, भिंतींवर नावे कोरू नका, टाक्यांत कचरा टाकू नका. मुलांना ब्राह्मी अक्षरे दाखवा आणि 'पोढी' हा शब्द शिकवा. त्यानंतर तळ्यावर या. ओंजळीत पाणी घ्याल तेव्हा त्यात केवळ १९२७ चे धैर्य असणार नाही. त्याच्या आधीचे अठराशे वर्षांचे एक दानही त्यात असेल, आणि हे पाणी ज्यांनी राखून ठेवले त्यांची 'अनादी' रूढी किती अलीकडची होती, हे आपल्याला आपोआप उमजेल.